बाजारभावाचा तक्ता कामून तुटला? स्टाइलशीट कम्पायलरची चाचणी आणि योगदानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूरच्या औसा रोडवरच्या एका छोट्या कार्यालयातून आम्ही तिघं एका स्थानिक दैनिकाचं संकेतस्थळ सांभाळतो. दैनिकाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. तिघांत मी वयानं मोठा. दुसरा सहकारी सर्व्हरचं आणि छपाई विभागाशी होणाऱ्या देवाणघेवाणीचं बघतो. तिसरी अंबाजोगाईची, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली प्रशिक्षणार्थी. या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं काम तिचं आहे, म्हणून तिची ओळख आधीच करून दिली.

या संकेतस्थळावर सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान अग्रलेखाचं नाही, बाजारभावाचं आहे. टेम्पो भरायच्या आधी शेतकरी मोबाइलवर ते पान बघतो. आवक किती क्विंटल झाली, किमान दर काय, कमाल काय, सर्वसाधारण काय. हंगामात सोयाबीन आणि तूर, त्याआधी भादव्यात मूग-उडीद. हा तक्ता दोन तास जरी वाचता आला नाही, तरी कार्यालयाचा फोन वाजायला लागतो.

पानांची सजावट आम्ही सॅसमध्ये लिहितो. सॅस ही स्टाइलशीटची, म्हणजे पानाचे रंग-रुंदी ठरवणाऱ्या नियमांच्या फाइलची, भाषा २००६ साली हॅम्पटन कॅटलिन यांनी मांडली आणि नॅटली वायझेनबॉम यांनी ती वाढवली. सॅसचं ब्राउझरला कळणाऱ्या सीएसएसमध्ये रूपांतर करतो तो कम्पायलर. पहिला कम्पायलर रूबी भाषेत होता, त्याचा आधार मार्च २०१९ मध्ये संपला. सी-प्लस-प्लसमधला लिबसॅस ऑक्टोबर २०२० मध्ये निवृत्तीच्या यादीत गेला. आता मुख्य कम्पायलर डार्ट सॅस आहे आणि तो खुला आहे: कोड वाचता येतो, चाचण्या चालवता येतात, बदल सुचवता येतो. आम्ही मात्र जुन्यावरच अडून बसलो होतो. सर्व्हरवर नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) नवी आवृत्ती आली, जुनं पॅकेज बसेना, तेव्हा गेल्या ऑगस्टमध्ये कुठे आम्ही डार्ट सॅसवर आलो.

रचना साधी होती. तीन वेगळ्या फाइली: एक सगळ्या पानांची सामाईक, एक बाजारभावाची, एक विशेषांकांची. प्रत्येक स्वतंत्र कम्पाइल व्हायची आणि शेवटी एक छोटी स्क्रिप्ट तिन्ही निकाल एकापुढे एक चिकटवून एकच फाइल तयार करायची. ही स्क्रिप्ट आमची नव्हती. काही वर्षांपूर्वी एका खुल्या प्रकल्पातला तयार साचा उचलला होता, त्यातून ती आली होती. आमच्यापैकी कुणी ती कधी ओळ न् ओळ वाचली नव्हती.

अडचण

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामी राजवट संपली. आमच्या दैनिकाचा त्या दिवशी विशेषांक असतो आणि संकेतस्थळावर त्याचं वेगळं पान. नवी मांडणी १६ तारखेच्या संध्याकाळी चढवायची, असं ठरलं होतं.

त्याच आठवड्यात बाजारभावाच्या तक्त्यात एक सुधारणा केली होती. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर सहा रकाने मावत नाहीत, म्हणून वरची शीर्षकं लपवायची आणि प्रत्येक आकड्याच्या आधी त्याचं नाव छापायचं: ‘आवक, क्विंटल’, ‘किमान दर’, ‘कमाल दर’. ही नावं आम्ही थेट स्टाइलशीटमध्ये लिहिली. तोवर बाजारभावाच्या फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर नव्हतं. सामाईक फाइलमध्ये मात्र ‘पुढे वाचा’ पूर्वीपासून होतं.

संध्याकाळी सहाला फाइल चढवली. पाच मिनिटांत प्रशिक्षणार्थी म्हणाली, “सर, इथं लॅपटॉपवर तर बरोबर दिसायलंय, पण साइटवर तक्ता पार मोडलाय.”

रंग गेले होते. रकान्यांची रुंदी गेली होती. ‘किमान दर’ ही नावं मात्र ठीक उमटत होती. विशेषांकाच्या पानावर मथळ्याची पट्टी डाव्या कडेला जाऊन बसली होती, बाकी पान जागच्या जागी. संपादकांचा फोन साडेसहाला आला. त्यांनी एवढंच विचारलं, “उद्या सकाळी सहाच्या आत होईल ना?”

पहिली रात्र: चुकीचा संशय

माझा पहिला निर्णय चुकला. महिन्याभरापूर्वी कम्पायलर बदलला होता, म्हणून दोष त्याचाच असणार, असं मी धरून चाललो. त्यात टर्मिनलवर इशाऱ्यांचा ढीग पडत होता. डार्ट सॅसच्या १.८०.० पासून जुनी ॲट-इम्पोर्टची (एका फाइलमध्ये दुसरी ओढून घ्यायची) पद्धत वापरली की ती पुढे बंद होणार असल्याचा इशारा येतो, आणि १.३३.० पासून तिरप्या रेघेनं केलेल्या भागाकारावरही येतो. आमच्या कोडमध्ये दोन्ही भरपूर होतं. मी दीड तास त्या इशाऱ्यांमागे घालवला. रुंदीची सूत्रं बदलली, इम्पोर्ट काढून नव्या ॲट-यूजवर नेले. इशारे कमी झाले, तक्ता होता तसाच मोडका.

इशारा म्हणजे बिघाड नव्हे. ‘हे पुढे चालणार नाही’ असं कम्पायलर सांगत होता. ‘आज चुकलं आहे’ असं तो म्हणतच नव्हता. घाईत मी दोन्ही एक समजलो.

तेवढ्या वेळात प्रशिक्षणार्थीनं दुसरीच गोष्ट केली होती. काय तुटलंय आणि काय तुटलं नाही, याची तिनं वहीत दोन रकान्यांत यादी केली. बाजारभावाच्या फाइलमधला फक्त पहिला नियम गायब होता. तो नेमका रंग आणि रुंदीचे चल (नाव देऊन ठेवलेल्या किमती) ठरवणारा होता, म्हणून त्यावर अवलंबून असलेलं सगळं कोसळलं. विशेषांकाच्या फाइलमध्येही फक्त पहिलाच नियम गायब, मथळ्याच्या पट्टीचा. सामाईक फाइल पूर्ण शाबूत. “सर, तिन्ही फाइली एकेकट्या लावल्या तर सगळं चालायलंय. जोडल्या की दुसरीचं आणि तिसरीचं डोकं उडायलंय.”

नऊ वाजले होते. कारण कळलेलं नव्हतं, पण नमुना कळला होता. तात्पुरता उपाय म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या फाइलच्या सुरुवातीला एक निरुपयोगी नियम टाकायचा, जाईल तर तो जाईल, असं ठरवलं. पहिल्यांदा रिकामा नियम टाकला. काही फरक नाही, कारण रिकामे नियम सॅस निकालात उतरवतच नाही. मग आत एक निरुपद्रवी ओळ घातली. तक्ता उभा राहिला. साडेदहाला फाइल चढवली आणि १७ तारखेचा अंक वेळेवर निघाला.

इथे थांबता आलं असतं. बरेच जण थांबतात, पूर्वी मीही थांबलो आहे.

कारण शोधताना

१८ तारखेला तिनं जोडलेली फाइल हेक्स स्वरूपात उघडली, म्हणजे अक्षरांऐवजी एकेक बाइट आकड्यात दिसेल अशी. दुसऱ्या फाइलच्या सुरुवातीला, पहिल्या नियमाच्या अगदी आधी, तीन बाइट होते: ईएफ, बीबी, बीएफ. तिसऱ्या फाइलच्या आधीही तेच. कोड लिहायच्या एडिटरमध्ये हे दिसत नाही आणि छापलं तरी उमटत नाही.

हे आहे बाइट ऑर्डर मार्क, बोलताना आम्ही बॉम म्हणतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक एफईएफएफ. फाइलच्या अगदी सुरुवातीला असला की तो सांगतो, ‘ही फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायच्या एका पद्धतीत) वाचा’, आणि ब्राउझर तो वाचून बाजूला ठेवतो. पण तोच फाइलच्या मध्यात आला तर ब्राउझरच्या लेखी ते एक साधं अक्षर असतं, आणि सीएसएसच्या नियमांनुसार नावात चालणारं अक्षर. म्हणजे आमचा पहिला निवडक (नियम कुठल्या घटकाला लागू ते सांगणारा भाग) ‘एफईएफएफ नावाचा टॅग, जो मूळ घटकही आहे’ असा झाला. असा टॅग जगात कुठल्याही पानावर नाही. ब्राउझर चूक दाखवत नव्हता, कारण त्याच्या दृष्टीनं चूक नव्हतीच. नियम बरोबर होता, त्याला लागू व्हायला जागा नव्हती.

आणि लॅपटॉपवर सगळं ठीक कसं? विकासाच्या वेळी आम्ही निकाल मोकळ्या, ओळी सोडलेल्या स्वरूपात काढतो, सर्व्हरसाठी मोकळ्या जागा काढून, दाबून. निकालात इंग्रजीबाहेरचं अक्षर असेल तर मोकळ्या स्वरूपात डार्ट सॅस सुरुवातीला ॲट-चारसेटची, म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे असं सांगणारी, ओळ लिहितो. ती मध्यात आली तर ब्राउझर सोडून देतो, नुकसान काहीच नाही. दाबलेल्या स्वरूपात मात्र तो त्या ओळीऐवजी बॉम ठेवतो. ॲट-चारसेटची ओळ १७ बाइटची, बॉम ३ बाइटचा. दाबायचंच आहे तर लहान ते निवडलं, हे बरोबरच आहे.

‘किमान दर’ लिहिण्याआधी बाजारभावाची फाइल शुद्ध इंग्रजी अक्षरांची होती, म्हणून तिला बॉम लागतच नव्हता. म्हणजे आमच्या पानावर मराठी आल्या क्षणी हे होणारच होतं. इंग्रजी संकेतस्थळ असतं तर ही स्क्रिप्ट दहा वर्षं चालली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मूळ साचा लिहिणाऱ्यानं वाईट काम केलेलं नव्हतं. त्याच्या फाइलींत कधी ‘क्विंटल’ आलं नव्हतं, इतकंच.

पहिला निर्णय: बग कळवायचा का?

तिनं इश्यूचा, म्हणजे प्रकल्पाला बिघाड कळवणाऱ्या नोंदीचा, मसुदा लिहिला. शीर्षक: कम्पायलर दाबलेल्या निकालात अदृश्य अक्षर घालतो. मसुदा चांगला होता. दोन फाइली, प्रत्येकी दोन ओळी, जोडायची आज्ञा, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल. त्या रात्रीचा राग त्यात कुठेही नव्हता.

पाठवण्याआधी मी एकच सुचवलं: कम्पायलरचा कोड उतरवून घे आणि याची चाचणी तिथे आधीच आहे का बघ. चार जीबीच्या लॅपटॉपवर डार्ट ही कम्पायलरची भाषा बसवण्यात आणि सगळं जुळवण्यात तिची एक दुपार गेली, मधे दोनदा लाइट गेली. पण सापडलं. डार्ट सॅसच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये या वर्तनाचा वेगळा गट आहे: शुद्ध इंग्रजी असेल तर काही लिहायचं नाही, मोकळ्या निकालात ॲट-चारसेट, दाबलेल्या निकालात बॉम, आणि ‘नो-चारसेट’ सांगितलं तर दोन्ही नाही. जावास्क्रिप्टमधून वापरताना हाच पर्याय ‘चारसेट’ नावानं मिळतो. त्याच्या दस्तऐवजात तर लिहिलंच आहे की निकाल एकमेकांना जोडायचे असतील तेव्हा तो बंद ठेवणं योग्य.

चाचणी म्हणजे प्रकल्पानं लेखी दिलेला शब्द असतो. जे जाणूनबुजून तसं ठेवलंय आणि चाचणीनं बांधलंय, ते बग नाही. मसुदा आम्ही पाठवला नाही. दोष कम्पायलरचा नव्हता, तीन तयार निकाल आत न बघता चिकटवणाऱ्या स्क्रिप्टचा होता. आणि ती वापरणाऱ्या आमचा.

उपायांचे पर्याय

फलकावर सहा पर्याय लिहिले होते. तीन लवकर गेले. निरुपयोगी नियम कायम ठेवणं: पुढच्या माणसाला तो कचरा वाटेल आणि तो काढून टाकेल. सगळ्या फाइली एकाच मूळ फाइलीतून कम्पाइल करणं: खरं तर हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग, पण तिन्ही फाइलींत एकाच नावाचे चल वेगवेगळ्या किमतींचे होते आणि ते सोडवायला आठवडा लागला असता. मराठी अक्षरं उलट्या रेघेच्या सांकेतिक रूपात लिहिणं: करून पाहिलं, पण सॅस ती वाचताना खरी अक्षरं करतो आणि निकालात देवनागरीच उतरवतो, म्हणजे बॉम परत हजर.

उरले तीन. ‘चारसेट’ बंद करणं. ते बंद करून जोडलेल्या फाइलच्या डोक्यावर एकदाच ॲट-चारसेट लिहिणं. किंवा ‘किमान दर’ ही नावं स्टाइलशीटमधून काढून पानाच्या मूळ मजकुरात, म्हणजे एचटीएमएलमध्ये नेणं.

मी पहिला निवडला, कारण एका शब्दाचा बदल होता. दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. ते आमचे जुने अंक नेमानं वाचतात. “अहो, जुन्या पानांवर ‘पुढे वाचा’च्या जागी कायतरी भलतंच उमटायलंय.”

जुन्या संग्रहातली पानं युनिकोडच्या आधीच्या काळातली आहेत. तेव्हा मराठी विशिष्ट फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरून टंकली जायची आणि पानावर यूटीएफ-८ ची घोषणा नसायची. स्टाइलशीट कुठल्या सांकेतिकीत (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत) वाचायची हे ब्राउझर क्रमानं ठरवतो: आधी बॉम, मग सर्व्हरनं सांगितलेलं, मग ॲट-चारसेट, आणि यातलं काहीच नसेल तर ती फाइल बोलावणाऱ्या पानाची सांकेतिकी. आमचा सर्व्हर काही सांगत नव्हता. सामाईक फाइलच्या सुरुवातीचा बॉमच इतकी वर्षं ती जुनी पानं सांभाळत होता, आणि मी तो काढून टाकला होता. ‘पुढे वाचा’ची प्रत्येकी तीन बाइटची अक्षरं पश्चिम युरोपीय सांकेतिकीत वाचली जात होती, म्हणून डोक्यावर रेघा-टिंबं असलेल्या परक्या अक्षरांची रांग उमटत होती.

ज्या गोष्टीचा त्रास झाला ती मी काढली, पण ती तिथे कशासाठी होती हे विचारलं नाही. कारण शोधायला प्रशिक्षणार्थीला लावलं आणि स्वतः मात्र उपाय घाईत निवडला, हे मला आजही बोचतं.

मग दुसरा पर्याय: ‘चारसेट’ बंद, आणि जोडणाऱ्या स्क्रिप्टनं शेवटी एकदाच डोक्यावर ॲट-चारसेटची ओळ लिहायची. त्यातही एकदा अडखळलो. स्क्रिप्ट फाइलच्या सुरुवातीला हक्कसूचनेची टिप्पणी घालत होती आणि आमची ओळ तिच्या खाली गेली. ही ओळ अगदी पहिल्या बाइटपासून, ठरल्या अक्षरांत, दुहेरी अवतरणचिन्हांतच असावी लागते. तिच्याआधी टिप्पणी आली तरी ती बाद. टिप्पणी खाली सरकवली आणि गुरुजींना फोन करून पान बघायला सांगितलं. ते म्हणाले, “आता झालं बघा.”

दुसरा निर्णय: चाचणी पाठवायची का?

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हा आहे.

कम्पायलरचा कोड हाताशी होता, तेव्हा प्रशिक्षणार्थी आणखी शोधत राहिली. सॅसमध्ये मजकुराची लांबी मोजण्याचं फंक्शन आहे. तिनं ‘क्विंटल’ची लांबी विचारली. उत्तर आलं ७. आपण बोलताना क्विं, ट, ल अशी तीन अक्षरं मोजतो. तिला वाटलं, सापडला खरा बग, तोही मराठीचा.

पण युनिकोडच्या हिशेबानं क, हलन्त, व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ट, ल असे सातच बिंदू, म्हणजे स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हं, होतात, आणि सॅस बिंदूच मोजतो. म्हणजे तेही ठरवून केलेलं. मग तिनं वेगळा विचार केला: बग नाही, तर हे वर्तन देवनागरीसाठी पक्कं करणारी चाचणी लिहून पाठवू.

सॅसच्या सगळ्या कम्पायलरांसाठी एक सामाईक चाचणीसंच आहे, सॅस-स्पेक. त्यात एका मजकूर फाइलमध्येच अनेक छोट्या फाइली मांडलेल्या असतात: आत जाणारा कोड, त्यातून अपेक्षित सीएसएस, किंवा अपेक्षित चूक. मधे बाणासारखी खूण. साध्या एडिटरमध्ये वाचता येतं आणि डार्ट न येणारा माणूसही चाचणी लिहू शकतो. नवख्यानं योगदान सुरू करायला मला तरी इतकी चांगली जागा दुसरी ठाऊक नाही. अख्खा संच तिच्या लॅपटॉपला झेपेना, पण फक्त स्ट्रिंगचं फोल्डर चालवता येतं. तिनं ‘क्विंटल’, ‘अंबाजोगाई’ आणि ‘लातूर’ घेऊन तीन चाचण्या लिहिल्या. तिन्ही हिरव्या, म्हणजे पास.

मी म्हणालो, “पाठवून टाक. तुझ्या नावावर एक योगदान होईल, मुलाखतीत सांगता येईल.”

ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, “सर, तिथं आधीच्या दोन चाचण्या हायत. एकात इमोजी, एकात अक्षर आणि त्याला जोडणारं चिन्ह. माझी चाचणी नवीन काय पकडती, ते मला सांगता येईना.”

मग आम्ही ते तपासलं, आणि तपासायची रीत तिनंच सुचवली: कम्पायलर मुद्दाम बिघडवायचा. डार्टमध्ये मजकुराची स्वतःची लांबी यूटीएफ-१६ च्या दोन-दोन बाइटांच्या एककांत मोजली जाते, म्हणून सॅस ती न वापरता बिंदू वेगळे मोजतो. तिनं तिथे चुकीची, सोपी लांबी बसवली आणि संच चालवला. इमोजीची चाचणी लाल झाली, म्हणजे नापास. तिच्या तिन्ही चाचण्या हिरव्याच राहिल्या. कारण देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा युनिकोडच्या पहिल्या पातळीत आहे, तिथे एक बिंदू म्हणजे एकच एकक. ती चूक देवनागरीला पकडताच येत नाही.

दुसरा बिघाड: बिंदूंऐवजी डोळ्यांना दिसणारी अख्खी अक्षरं मोजायची. आता तिच्या चाचण्या लाल झाल्या, पण त्यांच्यासोबत जोडचिन्हाची आधीची चाचणीही लाल झाली.

मला मोडी सुचली. आमच्या भागात वतनाच्या, जमिनीच्या जुन्या कागदांत अजून मोडी निघते. युनिकोडच्या ७.० आवृत्तीत, २०१४ साली, मोडीला ११६०० पासूनची जागा मिळाली. ती पहिल्या पातळीच्या बाहेर आहे, म्हणून मोडीचं एक अक्षर यूटीएफ-१६ मध्ये दोन एककं घेतं. मोडीची चाचणी पहिल्या बिघाडात लाल झाली. आम्हा दोघांना फार आनंद झाला. पण तिथेही इमोजीची चाचणी आधीच लाल होती. मोडीनं नवीन काही पकडलं नाही.

पाठवण्याच्या बाजूनं कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. जगभरच्या संचात आपल्या लिपीचं एखादं उदाहरण असावं, असं मला मनापासून वाटतं. उद्या कुणी तो कोड बदलताना ‘क्विंटल’ बघून थबकेल, हेही शक्य आहे. पण विरुद्ध बाजू तिनं मांडली ती अशी: प्रत्येक चाचणी कुणीतरी वाचणार, सांभाळणार, दर बदलाला चालवणार. तो वेळ दुसऱ्याचा आहे. नवीन काही न पकडणारी चाचणी पाठवली तर आपण मदत मागितल्यासारखं होतं, मदत केल्यासारखं नाही.

निर्णय तिचा होता. तिनं पाठवली नाही.

मग योगदान कुठे दिलं

जिथे दोष होता तिथे. तो खुला साचा अजून चालू होता आणि त्यातली जोडणारी स्क्रिप्ट तशीच होती. तिनं आधी चाचणी लिहिली, मग दुरुस्ती. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचा बॉम आणि ॲट-चारसेट काढायचं, आणि एकाही तुकड्यात इंग्रजीबाहेरचं अक्षर असेल तर जोडलेल्या फाइलच्या पहिल्या बाइटला एकदाच घोषणा लिहायची. पुल रिक्वेस्टच्या (बदल सामील करून घ्यायच्या विनंतीच्या) वर्णनात तिनं बाजारभावाच्या तक्त्याचं मोडकं आणि नीट असं चित्र जोडलं, खाली किमान दर, कमाल दर म्हणजे काय ते दोन वाक्यांत लिहिलं.

पाच दिवस उत्तर नाही. सहाव्या दिवशी तो साचा सांभाळणाऱ्यानं दोन गोष्टी विचारल्या. एक, चाचणीत दुसराच तुकडा मराठी का, दोन्ही असतील तर काय? दोन, निकालात एफईएफएफ ‘दुसऱ्या तुकड्याच्या आधी नाही’ असं तपासण्याऐवजी ‘कुठेच नाही’ असं का तपासत नाही? दोन्ही प्रश्न योग्य होते. पहिल्यामुळे एक खरी चूक सापडली: दोन्ही तुकडे मराठी असले तर आमची दुरुस्ती घोषणा दोनदा लिहीत होती. दुसरा प्रश्न मात्र तिनं नम्रपणे परतवला, कारण कुणी मजकुरात तो बिंदू मुद्दाम वापरला असेल तर तो काढण्याचा हक्क स्क्रिप्टला नाही. सांभाळणाऱ्यानं ते मानलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बदल सामील झाला.

परिणाम

बाजारभावाची नावं आता एचटीएमएलमध्ये गेली आहेत, स्टाइलशीट ती तिथून उचलते. हे पहिल्यापासून तसंच असायला हवं होतं. मजकूर मजकुराच्या जागी असला की उपसंपादकही तो बदलू शकतो, त्यासाठी आमच्याकडे यावं लागत नाही.

सर्व्हरसाठी जी फाइल चढते तीच आता लॅपटॉपवरही एकदा लावून बघतो. कम्पायलरची नवी आवृत्ती आली की तिन्ही फाइली जुन्या आणि नव्या दोन्हींनी काढून निकालांतला फरक वाचतो. दोन आवृत्त्यांत फरक निघाला, दोन्ही वेळा बदलांच्या नोंदीत त्याचं कारण लिहिलेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

कम्पायलर बदलणं आणि तक्त्यात मराठी नावं घालणं यांत महिन्याचंच अंतर होतं, आणि दोन्ही खऱ्या अर्थानं सर्व्हरवर एकाच संध्याकाळी एकत्र गेलं. कम्पायलर ऑगस्टमध्येच जुन्या फाइलींसह सर्व्हरवर चढवला असता, तर त्या रात्री त्याच्यावर संशय घ्यायचं कारणच उरलं नसतं.

ती दोन रकान्यांची यादी मी सहा वाजताच करायला हवी होती. काय तुटलं यापेक्षा काय शाबूत आहे, यानं जास्त सांगितलं.

उसनी स्क्रिप्ट चाळीस ओळींची होती. ती वाचायला चहाच्या एका कपाइतका वेळ लागला असता, आणि आम्ही ती चार वर्षं न वाचता चालवली.

आणि प्रशिक्षणार्थीला ‘नावावर योगदान होईल’ असं म्हणायला नको होतं. त्या वाक्यानं तिच्यासमोर चुकीचा प्रश्न ठेवला. तिनं तो बाजूला सारला, पण दुसरी कुणी असती तर माझ्या शब्दाखातर पाठवून मोकळी झाली असती.

एक काम अजून बाकी आहे. जुन्या संग्रहातल्या पानांवर सांकेतिकीची घोषणा नाहीच, ती आजही आमच्या एका ओळीच्या आधारानं उभी आहेत. गुरुजींनी कोणती पानं बिघडलेली दिसली त्यांची हातानं लिहिलेली यादी आणून दिली आहे. तिच्या चार चाचण्या, मोडीचीही, आमच्या स्वतःच्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, आहेत. यादीतली पानं दुरुस्त करायला आम्ही शनिवारी बसतो.